पाळण्यांचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने कायद्यातली एक जुनी अट काढून टाकली. दोनपेक्षा जास्त अपत्ये असणाऱ्याला स्थानिक स्वराज्य संस्थांची निवडणूक लढवता येणार नाही, ही ती अट. मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू त्या सुमारास लोकांना जास्त मुले होऊ द्या असे जाहीरपणे सांगत होते. हेच नायडू आधीच्या कारकिर्दीत छोट्या कुटुंबाचा प्रचार करीत असत. महाराष्ट्रात मात्र ती अट शाबूत आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले असेल तर सरपंचाचे पद जाते, आणि २००५ च्या नियमांनुसार सरकारी नोकरीच्या अर्जाला लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. गावच्या राजकारणात या अटीचा मुख्य उपयोग काय, हे गावातल्या कोणालाही विचारा. निकाल लागला की हरलेल्या गटाची माणसे निवडून आलेल्याच्या तिसऱ्या मुलाचा जन्मदाखला शोधायला लागतात. अंगणवाडीतली नोंद, शाळेचा दाखला, जे हाती लागेल ते घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार जाते.

गंमत अशी की दोन्ही राज्यांचा आकडा एकच आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आंध्रात आणि महाराष्ट्रातही एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले असे प्रमाण निघाले. आकडा सारखा आणि धोरणे एकमेकांच्या उलट. जन्मदराच्या दोनशे वर्षांच्या चर्चेत हे वारंवार घडत आले आहे. किती मुले होऊ द्यायची हे घरात ठरते. सरकार त्या निर्णयाच्या मागून धावते, आणि तेही बहुधा एक पिढी उशिरा.

पुढे जाण्याआधी थोडी आकडेमोड आवश्यक आहे, कारण या विषयातले निम्मे वाद दोन वेगळे आकडे एकच समजण्यातून होतात. हजार लोकसंख्येमागे वर्षाला किती मुले जन्मली, तो जन्मदर. एक स्त्री तिच्या आयुष्यात सरासरी किती मुलांना जन्म देईल, तो एकूण जननदर. आई-बापांची जागा मुलांनी भरून काढायची तर हा जननदर साधारण २.१ लागतो, दोन दोघांच्या जागी, आणि वरचा अंश बालपणीच दगावणाऱ्यांसाठी व जन्मताच मुलग्यांपेक्षा मुली थोड्या कमी असतात त्यासाठी. भारताचा जननदर १९५० च्या दशकात सहाच्या घरात होता. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत तो ३.४ निघाला, पाचव्या पाहणीत २.०. म्हणजे देश या २.१ च्या बदलीपातळीच्या खाली उतरला आहे. तरी लोकसंख्या वाढतेच आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत राहून १७० कोटींच्या आसपास पोचेल. यात विसंगती नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलींची संख्याच प्रचंड आहे. त्या प्रत्येकीने दोनच मुले होऊ दिली तरी वर्षभरात जन्मणारी बाळे मरणाऱ्या म्हाताऱ्यांहून जास्तच भरणार. घरातला निर्णय आज बदलतो, तो देशाच्या एकूण संख्येत दिसायला चाळीस वर्षे जातात. धोरणकर्ते फसतात ते इथेच.

माल्थसचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि मग दुष्काळ, रोगराई, युद्धे तिला आवरतात, हे त्याने १७९८ मध्ये मांडले. त्याच्या आयुष्याची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १८०५ पासून मरेपर्यंत तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी कॉलेजात शिकवत होता. हिंदुस्थानात कलेक्टर होऊन येणारी तरुण पोरे त्याच्या हाताखालून गेली. दुष्काळात धान्याच्या बाजारात हात घालू नये, हे तत्त्व इथल्या गोऱ्या अंमलदारांना पाठ होते, ते काही आपोआप नव्हे.

आणि माल्थसचे चित्र इथे काही काळ खरे ठरल्यासारखे दिसलेही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग निघाला, त्याच वर्षी दुष्काळ, १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ, आणि १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा, ज्याला जुनी माणसे मानमोडीची साथ म्हणत. त्या एका साथीत हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे गेली असावीत असे अंदाज आहेत. मुंबई इलाख्याला तिचा तडाखा फार जबर बसला. १९११ ते १९२१ या दशकात जन्मदर हजारी ४८ च्या आसपास आणि मृत्युदर ४७ च्या आसपास होता. सरासरी आयुर्मान जेमतेम वीस वर्षे. १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या आधीच्या गणनेपेक्षा किंचित कमी भरली. भारताच्या जनगणनांच्या इतिहासात असे एकदाच झाले. आठ-आठ बाळंतपणे होत होती, आणि घरटी दोन-तीन माणसे हाती लागत होती. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद त्या काळच्या हिशेबाने अवास्तव नव्हता.

१९२१ नंतर मृत्युदर उतरू लागला. जन्मदर मात्र तिथेच थांबला. लोकसंख्या वाढण्याचे कारण एवढेच: माणसे जास्त जन्मू लागली नाहीत, कमी मरू लागली. देवीची लस, क्विनाइन, पुढे हिवतापाच्या डासांवर डीडीटी, धान्याची रेल्वेने वाहतूक, रेशनिंग. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात खडी फोडण्याची आणि बंडिंगची कामे निघाली, लाल मिलो आणि सुकडी वाटली गेली. हाल प्रचंड झाले, पण १८९९ सारखी प्रेतांची रास लागली नाही. १९५१ मध्ये ३६ कोटी असलेला देश २०११ मध्ये १२१ कोटी झाला तो या यशामुळे. हे यश आहे हे आपण विसरतो आणि त्याला ‘विस्फोट’ म्हणतो.

मग जन्मदर उतरतो कशाने? वॉरन थॉम्पसनने १९२९ मध्ये आणि फ्रँक नोटस्टाइनने १९४५ मध्ये एक सूत्र मांडले: आधी मृत्यू कमी होतात, मागाहून जन्म, मधल्या काळात लोकसंख्या फुगते आणि शेवटी पुन्हा स्थिरावते. युरोपला हे बऱ्यापैकी लागू पडते, पण फ्रान्सने सुरुवातीलाच त्याला खोटे पाडले होते. तिथे कारखाने, शहरे, आधुनिक औषधे येण्याच्या आधी, अठराव्या शतकाच्या अखेरीस शेतकरी कुटुंबे मुले कमी करू लागली. इराणमध्ये धर्मसत्ता असताना जननदर दोन दशकांत सहावरून दोनवर आला, कारण त्याच सत्तेने खेडोपाडी आरोग्यकेंद्रे आणि मुलींच्या शाळा नेल्या. म्हणजे सूत्र दिशा सांगते. वेळ आणि कारण ज्या-त्या समाजात शोधावे लागते.

एक कारण मात्र जवळजवळ सगळीकडे सापडते: झालेले मूल जगेल याची खात्री. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये आले तेव्हा तिथे हजारातली दीडशेहून जास्त बाळे वर्षाच्या आत दगावत. आरोळ्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांनी आधी काय केले? जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, बाळंतपणाला हात आणि ब्लेड कसे स्वच्छ ठेवायचे, एवढेच. कुटुंबनियोजन नंतर आले, आणि आले ते बाया स्वतः विचारायला लागल्या म्हणून. चार पोरे जगली तर पाचवे कशाला, हा प्रश्न आरोग्यसेविकेने घातलेला नव्हता. पुढे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. आजच्या आशाताई ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

दुसरे कारण पैशाचे. महमूद ममदानी याने पंजाबातल्या मनुपूर गावाविषयी १९७२ मध्ये लिहिले. तिथे अमेरिकी संशोधकांनी अनेक वर्षे संततिनियमनाचा प्रयोग चालवला होता, आणि लोक गोळ्या घरी नेऊन तशाच ठेवत. ममदानीचे म्हणणे, हे लोक अडाणी नव्हते. शेतीत हात लागत होते, म्हातारपणी आधार लागत होता, मुलगा म्हणजे भांडवल होता. ऑस्ट्रेलियाचा जॉन कॉल्डवेल याने त्याचे सूत्र केले: जोवर पैसा आणि श्रम मुलांकडून आई-बापांकडे वाहतात तोवर मुले पुष्कळ होतात, प्रवाह उलटा फिरला की कमी होतात. तो कधी फिरतो? मूल शेळ्या राखायचे सोडून शाळेत जाऊ लागते तेव्हा. मराठवाड्यातला दोन एकरांचा शेतकरी आज पोराला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतो, पिवळ्या गाडीचे भाडे भरतो, पुढे लातूरला क्लास लावायची स्वप्ने बघतो. त्याला कुटुंबनियोजनाची जाहिरात दाखवण्याची गरज उरलेली नाही.

तिसरे कारण बाईचे घरातले वजन. टिम डायसन आणि मिक मूर यांनी १९८३ मध्ये दाखवले की भारतात उत्तर आणि दक्षिण यांच्या जन्मदरातला फरक लग्नसंबंधांच्या रीतीशी जुळतो. उत्तरेत मुलगी दूरच्या, अनोळखी गावात दिली जाते आणि माहेर तुटते. दक्षिणेत नात्यात, जवळपास दिली जाते आणि तिचा आवाज शिल्लक राहतो. या विचाराची पायाभरणी पुण्यात झाली होती. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात येतो, मामाची मुलगी चालते पण मामाशी लग्न नाही. जननदराच्या नकाशावरही महाराष्ट्र बराच काळ असाच मधोमध होता.

याच कर्वे घराण्यात या प्रश्नाच्या तीन बाजू एकत्र नांदल्या हे मला नेहमी विलक्षण वाटते. सासरे धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम आणि स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. सुनेने, म्हणजे इरावतीबाईंनी, नातेव्यवस्था तपासली. आणि इरावतीबाईंचे सावत्र दीर रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी या कामापायी सुटली. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते.

आता साल पाहा. १९२१ म्हणजे तेच वर्ष, ज्यात देशाची लोकसंख्या घटलेली दिसली. र. धों. कर्व्यांना गर्दीची भीती वाटण्याचे कारणच नव्हते. त्यांचा प्रश्न बाईच्या शरीराचा होता: बाळंतपण तिच्या इच्छेने व्हावे आणि सुखावर तिचाही हक्क असावा. नोव्हेंबर १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मूल कोणी होऊ दिले नसते, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने संततिनियमन उचलले, पण कर्व्यांचे कारण बाजूला ठेवून. १९५२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करणारा भारत जगातला पहिला देश. त्याच वर्षी मुंबईत आंतरराष्ट्रीय परिषद भरली, धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांनी ती घडवून आणली. पुढे लाल त्रिकोण आला, ‘हम दो हमारे दो’ आले, निरोध आला, तांबी आली. सुरुवातीचा सूर ‘पाळणा लांबवा’ असा सल्ल्याचा होता. हळूहळू तो उद्दिष्टांचा झाला: अमुक तालुक्याने मार्चअखेर इतक्या केसेस. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना कोटा.

आणीबाणीत त्याचा कडेलोट झाला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या तीनचतुर्थांश पुरुषांच्या होत्या. हे सगळे उत्तरेत घडले अशी आपली सोयीची समजूत आहे. बार्शीत १९७६ च्या जानेवारीत गावात कामासाठी आलेल्या शेतकऱ्यांना गाड्यांत घालून नेल्याच्या हकिकती नोंदल्या गेल्या आहेत. आणि तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक देशात सर्वांत आधी मंजूर केले ते महाराष्ट्राच्या विधिमंडळाने, १९७६ मध्ये. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. पुरोगामी महाराष्ट्राच्या इतिहासात हे पान सहसा कोणी उघडत नाही.

१९७७ मध्ये सरकार पडले. ‘कुटुंबनियोजन’ या खात्याचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले. आणि पुरुष या चित्रातून कायमचा बाहेर पडला. पुरुषांना हात लावला तर सरकार जाते, हा धडा सगळ्या पक्षांनी घेतला. बायकांना हात लावला तर काही होत नाही, हा दुसरा धडा त्यांनी बोलून दाखवला नाही एवढेच. आज महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण शंभरात एकसुद्धा नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया काही मिनिटांची, पोट न उघडता होणारी, बिनटाक्याची. तरीही ‘त्यांना कष्टाची कामं असतात’ हे वाक्य आरोग्य केंद्राच्या ओसरीवर ऑपरेशनला आलेली बाईच सांगते. घरी जाऊन पाण्याचा हंडा तीच उचलणार असते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या तेरा दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा म्हणून सांगितले.

महाराष्ट्राचा १.७ हा आकडा या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. युरोपात जन्मदर उतरला तो लग्ने उशिरा होऊन, दोन मुलांत अंतर पडून. आपल्याकडे चाल वेगळी आहे: लवकर लग्न, पाठोपाठ दोन बाळंतपणे, पंचविशीच्या आसपास ऑपरेशन. पाचव्या पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यात तर चाळीस टक्क्यांहून जास्त. कोयता दोघांचा असतो, नवरा-बायको मिळून उचल घेतात, आणि वयात आलेली मुलगी पालावर एकटी कशी ठेवायची ही आई-बापांची खरी चिंता. अशा मुलीचे पंचविशीत ऑपरेशन झाले की कागदावर जननदर सुधारतो. तिच्या आयुष्यात काय सुधारले, हे त्या कागदावर येत नाही. आंध्रचीही गोष्ट बरीचशी अशीच. म्हणून ‘शिक्षण वाढले की मुले कमी होतात’ हे खरे असले तरी त्याची उलट बाजू, मुले कमी झाली म्हणजे शिक्षण आणि स्वातंत्र्य आले, ही खरी नाही.

दोनच मुले आणि त्यांत मुलगा हवाच, या दोन अटी एकत्र आल्या की मुली जातात. सोनोग्राफीची यंत्रे तालुक्यापर्यंत पोचली आणि सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुलींची संख्या महाराष्ट्रात १९९१ च्या ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. बीडमध्ये ती ८०७ होती. गर्भलिंग तपासणीला चाप लावणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला होता, हेही सांगितले पाहिजे. त्या न जन्मलेल्या मुलींचा हिशेब आता दुसरीकडे निघतो आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. वाहिन्यांना मजेदार दृश्य मिळाले. शेतकरी नवरा नको ही मुलींची पसंती त्यामागे आहेच, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची सोनोग्राफीची खोलीही आहे.

जन्म आणि मृत्यू यांखेरीज लोकसंख्या बदलणारी तिसरी गोष्ट म्हणजे माणसांचे जाणे-येणे, आणि ती पाहायला कोकणाइतकी चांगली जागा नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गची ८.६९ वरून ८.५० लाखांवर. त्याच दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलींवर प्रेम म्हणून नव्हे. पुरुष मुंबईला, म्हणजे आता विरार, डोंबिवली, दिव्याला. चाकरमानी गणपतीला येतात तेवढे दहा दिवस घरांची दारे उघडतात. लोकसंख्या घटणारा तिसरा जिल्हा मुंबई शहर, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्याही खाली. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, लालबाग-परळची कुटुंबे कल्याणपलीकडे गेली. जिल्हा परिषदेच्या शाळांचे पट आटतात तेव्हाही हे लक्षात ठेवावे: काही मुले जन्मलीच नाहीत, काही शहरात गेली, आणि काही पिवळ्या गाडीतून शेजारच्या इंग्रजी शाळेत जातात. तिन्हींवर उपाय वेगळा.

जननदर फार खाली गेला की काय होते, याचे उदाहरण मुंबईच्या पोटातच आहे. अखंड हिंदुस्थानात १९४१ मध्ये १ लाख १४ हजारांवर पारशी होते; २०११ मध्ये भारतात ५७,२६४ उरले. शिकलेला, सुस्थितीतला समाज. कोणी सक्ती केली नाही, कोणी कोटा दिला नाही. लग्ने उशिरा झाली, कित्येकांनी केलीच नाहीत, आणि परधर्मात लग्न करणाऱ्या मुलींची मुले समाजाने मोजली नाहीत. २०१३ मध्ये केंद्र सरकारने ‘जियो पारसी’ योजना काढली, वंध्यत्वावरच्या उपचारांचा खर्च दिला. काही बाळे जन्मली. उतार मात्र थांबलेला नाही.

इतर देशांचाही अनुभव हाच आहे की उतरलेला जननदर हुकूम काढून वर चढत नाही. रुमेनियात चाउसेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. १९६७ मध्ये जन्म जवळपास दुप्पट झाले, मग बायांनी चोरवाटा शोधल्या आणि आकडा पुन्हा उतरला. मधल्या काळात चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो स्त्रिया मेल्या. चीनने एका मुलाची सक्ती २०१६ पासून उठवली, २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली, आणि २०२२ पासून त्यांची लोकसंख्या घटू लागली. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ मध्ये ०.७२ होता. तिथे मुली खूप शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या. स्वयंपाकघर, मुलांचे शिकवणीवर्ग आणि सासू-सासरे मात्र त्यांच्याच वाट्याला राहिले. त्यांनी शांतपणे लग्नच नाकारले. पुण्या-मुंबईतल्या वधू-वर सूचक मंडळांत हल्ली मुलींच्या अपेक्षांबद्दल जी कुरकुर चालते, ती ऐकताना मला कोरिया आठवतो.

धर्माचा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही, कारण निवडणुकीत तो हमखास निघतो. १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रियांचा जननदर ४.४ होता, हिंदूंचा ३.३. पाचव्या पाहणीत ते अनुक्रमे २.३६ आणि १.९४ झाले. घट मुस्लिमांत अधिक वेगाने झाली, अंतर निम्म्याहून खाली आले. केरळमधल्या मुस्लिम बाईला बिहारमधल्या हिंदू बाईपेक्षा कमी मुले होतात. प्रांत, शिक्षण, दवाखाना यांचा परिणाम धर्माहून मोठा आहे, आणि हे आकडे सरकारच्याच पाहणीचे, ती करणारी संस्था आपल्या देवनारची.

खरा राजकीय पेच वेगळाच आहे. राज्यांच्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या आहेत, तेही १९७६ मध्ये, कुटुंब लहान ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये म्हणून. ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत आहे, आणि २०२१ ची टळलेली जनगणना आता २०२७ मध्ये व्हायची आहे. बिहारचा जननदर ३.०, महाराष्ट्राचा १.७, गोव्याचा १.३. नायडूंच्या किंवा तामिळनाडूच्या स्टॅलिन यांच्या तोंडी जास्त मुलांची भाषा येते तिच्यामागे पाळण्याइतकीच लोकसभेची बाकेही आहेत. महाराष्ट्राची स्थिती यात चमत्कारिक: जन्म कमी, पण उत्तरेतून येणाऱ्या कामगारांमुळे संख्या टिकून.

माझे मत विचाराल तर तिसऱ्या मुलाची शिक्षा आणि तिसऱ्या मुलाचे बक्षीस, दोन्ही सारखेच निरुपयोगी. दोन-अपत्यांच्या अटीने महाराष्ट्राचा जननदर उतरला नाही. तो आधीच उतरत होता. नोकरी करणाऱ्या बाईला पाळणाघर, बाळंतपणानंतर तिची जागा राखून ठेवणारा मालक, पुरुषांसाठी नसबंदीचा साधा, लाज न वाटणारा मार्ग, आणि अठराच्या आत लग्न न होऊ देणारी ऊसतोड कामगारांच्या मुलींची वसतिगृहे, एवढे झाले तर किती मुले हवीत ते लोक नीट ठरवतील. संख्या कमी झाली काय, थोडी वाढली काय, ती त्यांच्या इच्छेची असेल.

ज्याची तयारी सरकारने करायला हवी ती म्हातारपणाची. ममदानीच्या शेतकऱ्याने म्हातारपणाची सोय म्हणून मुलगे होऊ दिले होते. आज दोनच मुले, त्यांतले एक पुण्यात आणि एक परदेशात. महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसे आता शंभरात अकरांहून जास्त आहेत आणि त्यांचा टक्का देशाच्या सरासरीच्या वर आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब माणसामागे केंद्र सरकार महिन्याला २०० रुपये देते. राज्य आपला वाटा घालून ती रक्कम दीड हजारांवर नेते. केंद्राचे २०० मात्र दीड दशकाहून अधिक काळ २०० च आहेत.